हरायला तरी बसू द्या!

महाराष्ट्राच्या बुद्धिबळातला सर्वात महत्त्वाचा डाव कोणता, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, जो हायकोर्टात खेळला गेला तो! साल १९७६. एका बाजूला १३ वर्षांची मुंबईची मुलगी, रोहिणी खाडिलकर. दुसऱ्या बाजूला "पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मुलगी कशी काय?" असं विचारणारी मोठी माणसं. मुलगी जिंकली. आणि गंमत बघा, प्रश्न विजेतेपदाचा नव्हताच. विजेतेपदासाठी महिलांची वेगळी स्पर्धा होती आणि त्याच वर्षी ती तिनं जिंकलीसुद्धा. तिला हवं होतं ते एवढंच, की आपल्यापेक्षा तगड्या माणसांसमोर बसून खेळायला मिळावं. साध्या मराठीत सांगायचं तर, तिला हरायची संधी हवी होती!

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा 'न' आणि 'ण' ची गडबड झाली तर सांभाळून घ्या. पण मुद्दा सांभाळून घ्यायचा नाही. मुद्दा असा, की जो प्रश्न हायकोर्टात आणि थेट जागतिक बुद्धिबळ महासंघात १९७६ साली सुटला, तो आपल्या गॅदरिंगच्या इनडोअर गेम्समध्ये अजून सुटलेला नाही.

आधी त्या घराबद्दल. कारण आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना, माझ्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणींना तर नक्कीच, ही नावं माहीत नाहीत. कार्लसन माहीत आहे, गुकेश माहीत आहे, जपानी कार्टूनमुळे गो खेळणारा शुसाकूसुद्धा माहीत आहे (त्याच्याकडे येणारच आहे मी). पण गिरगावातल्या तीन बहिणी माहीत नाहीत.

वासंती, जयश्री आणि रोहिणी. वडील नीलकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक, ज्यांना लोक 'अग्रलेखांचे बादशहा' म्हणायचे. पणजोबा म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, ज्यांनी १९२३ मध्ये 'नवाकाळ' सुरू केला. घरात शाईचा वास, अग्रलेख, माणसांची ये-जा, आणि या सगळ्यात पोरींसमोर मांडलेला बुद्धिबळाचा पट. भारतात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली १९७४ मध्ये. जिंकली वासंतीनं. त्यानंतर पहिली दहा वर्षं तो चषक या एका घरातून बाहेर गेलाच नाही. कधी जयश्री, कधी रोहिणी. रोहिणीनं तो पाच वेळा जिंकला : १९७६, १९७७, १९७९, १९८१ आणि १९८३. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला इंटरनॅशनल मास्टर झाली. रोहिणीला १९८० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये हैदराबादला ती एकही डाव न हरता आशियाई विजेती झाली आणि १९८३ मध्ये क्वालालंपूरला पुन्हा झाली.

आता विचार करा. एखादी मुलगी १३ व्या वर्षी देशातल्या सगळ्या बायकांना हरवते. पुढे काय करायचं तिनं? दरवर्षी त्याच त्या मैत्रिणींना, किंवा स्वतःच्याच बहिणींना, हरवत बसायचं? तिनं पुढची पायरी मागितली. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा. त्यावर केवढा गदारोळ झाला! प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, बाई आहे म्हणून कुणाला स्पर्धेतून बाहेर ठेवता येणार नाही. हे युवे म्हणजे कोणी साधे कारकुनी अध्यक्ष नव्हते. १९३५ मध्ये अलेखिनला हरवून जगज्जेते झालेले, पेशानं गणिताचे शिक्षक आणि नंतर चक्क कॉम्प्युटर विषयाचे प्राध्यापक. म्हणजे आपल्याच बिरादरीतले!

रोहिणी ती स्पर्धा खेळली. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री. जिंकली का? नाही. पण तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवून आली. बाकीच्यांकडून काय शिकून आली ते पुढच्या सात वर्षांत आशियानं पाहिलं.

आणि ज्या पुरुषांच्या 'दर्जा'ची तेव्हा एवढी काळजी होती ना, त्यांच्यात १९७६ साली एकही ग्रँडमास्टर नव्हता. भारताचा पहिला ग्रँडमास्टर आनंद, तो झाला १९८८ मध्ये. दुसरा दिब्येंदु बारुआ १९९१ मध्ये. तिसरे आपले प्रवीण ठिपसे, १९९७ मध्ये. किल्ला अजून बांधायचाच होता, पण पहारा मात्र कडक होता!

आता जपानकडे वळते, कारण वर म्हटलेला मुद्दा, म्हणजे हरायची संधी हीच खरी शाळा, हे तिथल्या लोकांना फार पूर्वी कळलं होतं.

गो हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : १९ उभ्या, १९ आडव्या रेषा, म्हणजे ३६१ छेदबिंदू. एकाकडे काळे दगड, दुसऱ्याकडे पांढरे. दगड हलत नाहीत, फक्त ठेवत जायचे आणि जागा वेढायची. २०१६ मध्ये गूगलच्या 'अल्फागो' प्रोग्रॅमनं ली सेडोलला ४-१ हरवलं तेव्हापासून कॉम्प्युटर ब्रँचवाले या खेळाबद्दल सेमिनार देत असतात, त्यामुळे एवढं पुरे.

जुन्या जपानमध्ये या खेळाची चार घराणी होती. होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी. 'घराणं' हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण आपल्या गाण्याच्या घराण्यांसारखंच ते होतं. गुरूच्या घरी राहायचं, घरची कामं करायची आणि खेळायचं. या घराण्यांना शोगुनच्या सरकारकडून तनखा मिळायचा आणि वर्षातून एकदा त्यांच्या निवडक खेळाडूंचे डाव राजधानी एदोच्या किल्ल्यात, शोगुनच्या समोर व्हायचे.

१८२९ मध्ये इन्नोशिमा नावाच्या एका बेटावर एक मुलगा जन्मला. मोठ्या शहरातला नाही, कुठल्या घराण्यातला नाही. जवळच्या मिहाराच्या सरदाराच्या नजरेत त्याचा खेळ भरला आणि १८३७ मध्ये, म्हणजे आपण तिसरी-चौथीत असतो त्या वयात, त्याला एदोला होनिन्बो घराण्यात पाठवलं. हाच पुढे होनिन्बो शुसाकू झाला. १८४९ पासून १८६१ पर्यंत किल्ल्यातले १९ डाव तो खेळला आणि १९ च्या १९ जिंकला. १८६२ मध्ये एदोत कॉलऱ्याची साथ आली. घराण्यातल्या आजारी माणसांची सेवा करता करता तो स्वतः गेला. वय अवघं ३३.

पण मला त्या १९ विजयांपेक्षा आवडतो तो १८४६ चा किस्सा. शुसाकू तेव्हा साधारण १७ वर्षांचा, दर्जा चौथा. ओसाकामध्ये त्याची गाठ पडली गेनान इनसेकीशी. हे इनोउए घराण्याचे बुजुर्ग, दर्जा आठवा. आपल्याकडे असतं तर काय झालं असतं? "बाळा, तू आधी ज्युनियरमध्ये खेळ." गोमध्ये असं होत नाही. गोमध्ये कमजोर खेळाडूला सुरुवातीलाच काही दगड पटावर फुकट ठेवायला मिळतात. फरक जितका जास्त तितके दगड जास्त, नऊपर्यंत. त्यामुळे अगदी नवशिका पोरगाही उस्तादासमोर बसू शकतो आणि उस्तादालाही डोकं लावावं लागतं. तर शुसाकूला दोन दगडांची सूट मिळाली. डाव थोडा पुढे गेल्यावर गेनानच्या लक्षात आलं की या पोराला सूट देऊन आपला निभाव लागत नाही. तो डाव तसाच सोडून दिला आणि सूट न देता नवा सुरू केला. त्या नव्या डावात १२७ व्या चालीला शुसाकूनं पटाच्या मधोमध असा एक दगड ठेवला, की बघणाऱ्यांतला एक वैद्य म्हणाला, आता गेनान हरणार. का? तर म्हणे, खेळ मला कळत नाही, पण त्या चालीनंतर गेनानचे कान लाल झाले! शुसाकू तो डाव जिंकला. आजही जगभर तो 'कान लाल करणारा डाव' म्हणून ओळखला जातो.

या गोष्टीत शुसाकूची प्रतिभा आहेच. पण मला त्यात एक व्यवस्थाही दिसते. बेटावरच्या मुलाला कोणीतरी घराणं दिलं. घराण्यानं रोज आपल्यापेक्षा वरचे प्रतिस्पर्धी दिले. आणि खेळाच्या नियमांतच अशी सोय होती की "तू आमच्या लेव्हलचा नाहीस" असं म्हणून कुणाला उठवता येऊ नये.

आता थोडं आमच्या पोफळीबद्दल. चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली घाट चढायच्या आधी जे लागतं ते पोफळी. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगायला नकोच, सगळ्यांची व्हिजिट होते. कोयना जलविद्युत प्रकल्पाचं डोंगराच्या पोटातलं पॉवर हाऊस तिथेच. बाबा तिथे शिफ्टमध्ये, त्यामुळे माझं सगळं बालपण कॉलनीतलं. सकाळी बसनं चिपळूणला कॉन्व्हेंटमध्ये जायचं, तिथे दिवसभर इंग्लिश, संध्याकाळी परत आल्यावर कॉलनीच्या क्लबात मराठी!

त्या क्लबात एक कॅरम, एक टेबल टेनिस आणि एक बुद्धिबळाचा सेट होता. सेटमधला एक पांढरा हत्ती हरवलेला, त्याच्या जागी कोणीतरी किटकॅट फ्यूज ठेवलेला. फर्स्ट शिफ्ट सुटली की काकामंडळी यायची. पावसाळ्यात तर बाहेर कुठे जायची सोयच नाही, धो धो पाऊस आणि दहा फुटांवरचं दिसणार नाही असं धुकं. मग काय, डावावर डाव. मी सातवीत असताना तिथे बसायला लागले. कोणी म्हटलं नाही की मुलींसाठी वेगळं टेबल आहे. म्हणणार कसे? आमच्या पोफळीत खेळणारी माणसंच मोजून आठ-दहा. त्यात पुन्हा मुलं वेगळी, मुली वेगळ्या असं केलं असतं तर मला एकटीलाच माझ्याशी खेळावं लागलं असतं! एक टर्बाइनवाले काका होते, ते वजीर काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "बस गं, हरलीस तर हरलीस, उद्या परत ये." पहिलं वर्षभर मी रोज हरले. मग वजीर पटावर आला. मग एकदा बरोबरी झाली. त्या काकांनी गोचं नावही ऐकलेलं नसेल, पण करत होते ते तेच, होनिन्बो घराण्याचं काम.

पॉवर हाऊसच्या भाषेत सांगायचं तर, कोयना मुळात पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी नदी. पाणी तिच्यात पहिल्यापासून होतंच. तिचं पाणी डोंगरातून बोगदा काढून पश्चिमेला आणलं, सह्याद्रीची उंची त्याला मिळाली, तेव्हा त्यातून वीज निघाली. पाणी तेच, 'हेड' मिळालं! मुलींच्या बुद्धिबळाचं वेगळं काही नाही.

आणि आता आपलं कॉलेज. हे लिहिताना मला कुणा एका सरांना किंवा सेक्रेटरीला दोष द्यायचा नाही. पद्धत जुनी आहे आणि कुणी ती बसून ठरवलेलीही नसावी. पण पद्धत अशी आहे : मुलांची बुद्धिबळ स्पर्धा बॉईज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये, मेसनंतर, चार-पाच रात्री चालते. तिथे चहा येतो, आजूबाजूला गर्दी होते, सीनियर्स डाव झाल्यावर "इथे घोडा का नाही खेळलास?" म्हणून सांगतात. मुलींची स्पर्धा एका दुपारी, प्रॅक्टिकल संपल्यावर, पॅसेजमध्ये दोन टेबलं लावून होते. पाच-सहा जणी असतो. चहाच्या सुट्टीपर्यंत निकाल लागलेला असतो. सर्टिफिकेट मिळतं. आंतरमहाविद्यालयीन टीम निवडतात ती मुलांच्या स्पर्धेतून. मी दोन वर्षं मुलींत पहिली आले. तिसऱ्या वर्षी मुलांच्या स्पर्धेत नाव द्यायला गेले, तर उत्तर मिळालं, "अगं, तुमची वेगळी आहे ना!"

हो, आहे ना. तीच तर अडचण आहे.

माझ्या मित्रांनी यावर जे जे मुद्दे काढले ते प्रामाणिकपणे मांडते.

पहिला मुद्दा : "मुली येतच नाहीत खेळायला." बरोबर आहे. पण रात्री दहाला बॉईज हॉस्टेलमध्ये स्पर्धा ठेवल्यावर आणि आमचं गेट आठला बंद होत असल्यावर येणार कुठून? स्पर्धा रविवारी सकाळी ड्रॉइंग हॉलमध्ये ठेवून बघा आणि मग मोजा.

दुसरा मुद्दा : "मुलांची लेव्हलच वरची आहे, बघ ना, टॉपला सगळे मुलगेच." याला मी गणितानं उत्तर देते. समजा १०० मुलगे आणि ५ मुली खेळतात आणि समजा सगळ्यांची कुवत अगदी सारखी वाटली गेलेली आहे. तर १०५ जणांत पहिला येणारा मुलगा असण्याची शक्यता किती? १०५ पैकी १००. म्हणजे २१ वेळा स्पर्धा घेतली तर सरासरी २० वेळा मुलगाच पहिला येणार, आणि यात बुद्धीचा काडीचाही संबंध नाही! एम-थ्रीमध्ये प्रॉबेबिलिटी शिकतो ती पेपर लिहून विसरण्यासाठी नसावी. आधी पाचाच्या पन्नास होऊ देत, मग लेव्हलबद्दल बोलू.

तिसरा मुद्दा जरा विचार करायला लावणारा आहे आणि तो माझ्याच एका मैत्रिणीनं काढला. ती म्हणाली, "वेगळी स्पर्धा आहे म्हणून मी निदान खेळते तरी. त्या सगळ्या मुलांत मला बसवलं तर मी नावच देणार नाही." हे खरं आहे. नव्यानं शिकणाऱ्या मुलीला वेगळी स्पर्धा हे दार आहे, आणि ते बंद करू नये असं माझंही मत आहे. खुद्द रोहिणी खाडिलकर महिलांची स्पर्धाही खेळत राहिल्या आणि १९७६ नंतरही चार वेळा जिंकल्या. पण दार आणि भिंत यांत फरक आहे. ज्या मुलीला तिथेच थांबायचंय तिनं थांबावं. जिला पुढच्या खोलीत जायचंय तिला "तुमची खोली ही" म्हणून अडवू नये. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारनं १९९१ मध्ये १५ व्या वर्षी बॉबी फिशरचा विक्रम मोडून ग्रँडमास्टर किताब मिळवला, तो खुल्या स्पर्धांमध्ये पुरुषांशी खेळूनच. ती महिलांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या वाटेला कधी गेलीच नाही. २००२ मध्ये आपल्या कोनेरू हंपीनं ज्युडिटचाही विक्रम मोडला. या दोघींना "तुमची वेगळी आहे ना" म्हणणारं कोणी भेटलं नसेल असं नाही. पण ऐकून घेतलं नाही, एवढं खरं.

आता एक गोष्ट, जी मला स्वतःला खुपते. रोहिणीच्या बाबतीत सगळं जमून आलं, कारण पाठीशी घर होतं. वडील संपादक, घरचं वर्तमानपत्र, दोन बहिणी म्हणजे घरातच दोन तगडे प्रतिस्पर्धी. किती मुलींना हे मिळतं? १९७६ साली कोकणातल्या एखाद्या गावात तितकीच हुशार मुलगी असेल, नक्कीच असेल, पण तिच्यासाठी कोर्टात कोण जाणार होतं? तिचं नावही आपल्याला माहीत नाही. म्हणूनच मला शुसाकूची गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याला घराण्यात जन्म घ्यावा लागला नाही. घराण्यानं त्याला आत घेतलं. आपल्याकडे गाण्यातही हे झालंय, कुस्तीच्या तालमीतही झालंय. बाहेरून आलेलं पोर आत घ्यायचं आणि घडवायचं.

हॉस्टेल म्हणजे तरी दुसरं काय आहे हो? महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आलेली मुलं-मुली चार वर्षं एका छपराखाली राहतात, एका मेसमध्ये जेवतात, सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांची जर्नल्स भरतात. हे घराणंच आहे, फक्त आपण त्याला तसं वागवत नाही. आणि कॉलेज जे सहज करू शकतं ते करण्यासाठी प्रत्येक मुलीला संपादक वडील कशाला लागावेत?

रोहिणी खाडिलकरांनी १९९३ मध्ये बुद्धिबळ सोडलं आणि पत्रकारितेत गेल्या. छपाईतंत्राचा डिप्लोमाही केला, म्हणजे आपल्या तांत्रिक शाखेतल्याच झाल्या! १९९८ मध्ये 'संध्याकाळ'च्या संपादक झाल्या. जयश्री 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या. कोणी म्हणेल, मग काय उपयोग, शेवटी खेळ सोडलाच ना? मला तसं वाटत नाही. ज्या मुलीला १३ व्या वर्षी समोरच्या तगड्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवायची सवय लागते, ती पुढे पेपर चालवू शकते, प्लांट चालवू शकते, कॅम्पस इंटरव्ह्यूमध्ये पॅनेलसमोर बसू शकते. ही सवय नुसतं जिंकून लागत नाही.

आणि त्यांनी उघडलेल्या दारातून पुढे कोण गेलं तेही बघा. २८ जुलै २०२५ ला जॉर्जियामधल्या बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप झाला. फायनलमध्ये दोघीही भारतीय. कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख जिंकली आणि त्या एका विजयानं ग्रँडमास्टर झाली. महाराष्ट्राची पहिली महिला ग्रँडमास्टर. आमच्या हॉस्टेलमध्ये त्या दिवशी चार-पाच जणींनी, ज्यांना घोडा कसा चालतो तेही माहीत नाही, ओरडून विंग डोक्यावर घेतली होती. त्यानंतर काही महिन्यांतच गोव्यात खुला वर्ल्ड कप झाला. दिव्याला तिथे वाइल्ड कार्ड मिळालं. जगभरातल्या ग्रँडमास्टर पुरुषांमध्ये ती खेळली आणि पहिल्याच फेरीत हरली. आणि काय झालं? काहीच नाही! कोणी हायकोर्टात गेलं नाही, कोणी "तुमची वेगळी आहे ना" म्हटलं नाही. ती हरली, उठली आणि पुढच्या स्पर्धेच्या तयारीला लागली. माझ्या मते बाटुमीच्या विजयाएवढाच गोव्यातला हा पराभव महत्त्वाचा आहे. १९७६ साली एका मुलीला असं हरण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली होती.

तेव्हा आपल्या सगळ्या सरांना, मॅडमना, रेक्टरना आणि नव्या जी.एस.ला माझी नम्र विनंती. फार मोठं काही मागत नाही.

एक, गॅदरिंगची बुद्धिबळ स्पर्धा 'खुली' असं नाव देऊन सगळ्यांसाठी एकच ठेवा. मुलींसाठी वेगळी स्पर्धा हवी असेल तर तीही राहू दे, पण तिच्यात खेळलेल्या मुलीला खुल्या स्पर्धेत नाव द्यायला आडकाठी नको.

दोन, स्पर्धा दिवसा, ड्रॉइंग हॉलमध्ये किंवा लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये घ्या. बॉईज हॉस्टेलची कॉमन रूम मुलांना लखलाभ.

तीन, नॉकआउट बंद करा. पहिल्या फेरीत हरली आणि घरी गेली, यात कोणी काय शिकणार? स्विस पद्धतीनं पाच-सहा फेऱ्या घ्या, म्हणजे हरणाऱ्यालाही सगळे डाव खेळायला मिळतील. पेअरिंग करायचा प्रोग्रॅम लिहायला कॉम्प्युटरवाल्यांकडे पोरांची कमी नाही.

चार, कॉलेजची टीम खुल्या स्पर्धेतल्या क्रमांकावरून निवडा. चार मुलगे वर आले तर चार मुलगे जातील, माझी तक्रार नसेल.

पाच, आणि हे सगळ्या चांगल्या खेळाडूंना, विशेषतः मुलांना सांगणं आहे. गोमध्ये देतात तशी सूट द्या. नवीन कोणी आली, किंवा आला, तर वजीर काढून ठेवा, हत्ती काढून ठेवा, पण बसा. तुमचा अर्धा तास जाईल. तिचं काय होईल ते कदाचित तुम्हालाही कळणार नाही.

या सगळ्याला खर्च शून्य. घड्याळ नसेल तर मोबाइलमधलं चालतं. सेट कमी पडले तर मी पोफळीच्या क्लबातला आणते, किटकॅट फ्यूजसकट.

लेडीज हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर मी एक कोरा कागद लावून ठेवलाय, वर फक्त 'खुली स्पर्धा' असं लिहिलेलं. पहिलं नाव माझं आहे. खाली बरीच जागा आहे.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी